एका डिस्कवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४: संगणक लॅबच्या प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

लॅबमध्ये एकाच मॉडेलचे २४ संगणक आहेत: आठव्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप). विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबरला थांबली, त्यामुळे ११ टाकणे आलेच. टॅली आणि ऑटोकॅड विंडोजवर हवेत, सिस्टिम प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स लिनक्सवर, म्हणजे उबुंटू या त्याच्या एका प्रकारावर. सगळे पुसून नव्याने बसवायचेच आहे, तर दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर नीट बसवून घ्यायच्या, म्हणजे ड्युअल बूट करायचे, असे ठरले.

आधी पर्याय पाहिले. ८ जीबी रॅममध्ये व्हर्च्युअल मशीनला (विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) ४ जीबी दिली की यजमान आणि पाहुणा दोघेही रडतखडत चालतात. डब्ल्यूएसएल २ या विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीत खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो आणि शेल स्क्रिप्ट, जीसीसी, फोर्क, पीथ्रेड एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. अभ्यासक्रम तेवढाच असता तर ड्युअल बूटची उठाठेव करायची गरजच नव्हती. पण पार्टिशन पाडणे (डिस्कचे भाग करणे), बूटची प्रक्रिया पाहणे, कर्नल मॉड्यूल लिहून चढवणे, यूएसबी उपकरणे थेट हाताळणे हे तिथे एकतर होत नाही किंवा आडवळणाने होते. म्हणून ड्युअल बूट.

दोन सिस्टिम एका डिस्कवर नांदू शकतात का, हा प्रश्न पार्टिशनपुरता केव्हाच सुटलेला आहे. विंडोज उबुंटूच्या पार्टिशनमध्ये जात नाही, उबुंटू न सांगता विंडोजच्यात लिहीत नाही. चाळीत भांडण खोलीवरून होत नाही, सामायिक नळावरून होते. इथे सामायिक गोष्टी मोजक्या आहेत: ईएफआय पार्टिशन (सिस्टिम उठवणारे लोडर असतात ती), मदरबोर्डच्या एनव्हीरॅममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतला) बूट क्रम, घड्याळ, टीपीएम आणि डेटाची सामायिक पार्टिशन. पुढचे सगळे काम याच जागांवर आहे.

फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) चार गोष्टी सगळ्या संगणकांवर सारख्या केल्या: सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, स्टोरेज मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय, सिक्युअर बूट (सही असलेलेच लोडर चालू देणारी तपासणी) चालू, फर्मवेअरची आवृत्ती एकच. सीएसएम चालू ठेवले तर एखादी पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने बूट होते आणि इन्स्टॉलरही त्याच पद्धतीने बसवून मोकळा होतो. मग एक सिस्टिम यूईएफआयची (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीची), दुसरी जुन्या पद्धतीची, आणि एकीच्या मेनूतून दुसरीकडे जाता येत नाही. उबुंटूच्या लाइव्ह सत्रात (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवताना) सिस-फर्मवेअर-ईएफआय ही डिरेक्टरी दिसली की बूट यूईएफआयने झाले आहे, एवढे तपासूनच पुढे जावे.

स्टोरेज मोडबद्दल: इंटेलचा आरएसटी मोड चालू असेल तर उबुंटूचा इन्स्टॉलर डिस्क न दाखवता अडून बसतो. विंडोज आधीच बसलेले असताना मोड एकदम बदलला तर विंडोज ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळ्या पडद्यावर थांबते. तेव्हा बीसीडीएडिट या विंडोजची बूट सेटिंग बदलणाऱ्या कमांडने सेफ मोड लावायचा, रिस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा बूट होऊ द्यायचे आणि मग तो काढायचा. आमच्याकडे डिस्क कोरीच होणार असल्याने याची गरज पडली नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला संगणक नमुना म्हणून घेतला. पार्टिशनची आखणी विंडोजच्या सेटअपवर सोडली नाही, कारण तो सहसा १०० एमबीची ईएफआय पार्टिशन पाडतो. उबुंटू कर्नल स्वतःच्या पार्टिशनमध्ये ठेवते आणि ईएफआयमध्ये तिचा फोल्डर पाच-सहा एमबीचाच असतो, त्यामुळे १०० एमबीत सुरुवातीला भागते. पण फर्मवेअर अपडेटच्या फायली तिथेच उतरतात, आणि जागा भरली की विंडोजचे मोठे अपडेट ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आली नाही’ म्हणत मागे फिरते. ही पार्टिशन नंतर वाढवणे जिकिरीचे, कारण तिच्या लगेच पुढे दुसरी चिकटलेली असते.

सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट हे पार्टिशन पाडण्याचे साधन उघडले. डिस्क साफ, जीपीटीत (पार्टिशन नोंदवण्याच्या नव्या पद्धतीत) रूपांतर, आणि मग क्रमाने: ईएफआय १ जीबी (फॅट३२), एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेली) १६ एमबी, विंडोज १२० जीबी, रिकव्हरी (विंडोज बिघडली तर दुरुस्तीसाठी) १ जीबी. उरलेली जागा कोरी. २५६ जीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत २३८ जीबी भरते, त्यातले १२२ गेले. बाकीच्यातून उबुंटूला ६० आणि सामायिक डेटाला ५६.

रिकव्हरी विंडोजच्या लगेच मागेच हवी आणि ऐसपैस हवी. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरीच्या एका अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा लागत होती, आणि ती नसलेल्या असंख्य संगणकांवर ते अपडेट फसत राहिले. रिकव्हरीच्या मागे लिनक्सची पार्टिशन असेल तर तिला तिथल्या तिथे वाढवायला वावच नसतो. बसवून झाल्यावर रीएजंटसी चालवून रिकव्हरी याच पार्टिशनवर चालू आहे ना, हे पाहिले.

विंडोज लोकल अकाउंटने बसवले. इथे एक छुपी गोष्ट आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोऱ्या डिस्कवर बसवली की डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कूटबद्ध करणे) आपोआप सुरू होऊ शकते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट नसेल तर संरक्षण ‘बंद’ दिसते, पण डेटा आतून कूटबद्ध झालेला असतो आणि त्याची किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. वरवर सगळे ठीक वाटते, आणि लिनक्समधून किंवा क्लोनिंगच्या वेळी ती पार्टिशन नेहमीच्या पद्धतीने वाचता येत नाही. मॅनेज-बीडीई या कमांडने स्थिती पाहावी. ‘एन्क्रिप्टेड’ची टक्केवारी शून्य नसेल तर तिथूनच ऑफ करून उलगडा पूर्ण होऊ द्यावा. मधेच बंद करू नये.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उबुंटू २४.०४. क्रम विंडोज आधी, उबुंटू नंतर असाच ठेवायचा. विंडोजचा सेटअप दुसरी सिस्टिम शोधत नाही आणि स्वतःची नोंद बूट क्रमात पहिली लावतो. उबुंटूचा इन्स्टॉलर शोधतो आणि मेनूत जागा देतो.

इन्स्टॉलरमध्ये हाताने पार्टिशन निवडण्याचा पर्याय घेतला. ६० जीबीची ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) रूटसाठी, म्हणजे मुख्य सिस्टिमसाठी. स्वॅपची (रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेची) वेगळी पार्टिशन नाही, फाइल पुरते. विंडोजने वापरलेली ईएफआय पार्टिशनच बूटसाठी निवडायची आणि तिच्यासमोरची फॉरमॅटची खूण काढलेली आहे, हे दोनदा पाहायचे. ती खूण राहिली तर विंडोजची सी ड्राइव्ह जशीच्या तशी राहते, पण तिला उठवणारा लोडर जातो. तसे झालेच तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून, ईएफआय पार्टिशनला ड्राइव्ह अक्षर देऊन बीसीडीबूट चालवायचे. लोडर परत येतो.

बसवून झाल्यावर ईएफआय पार्टिशन उघडली, तर आत ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये तीन फोल्डर शेजारीशेजारी: मायक्रोसॉफ्ट, उबुंटू, बूट. उबुंटूच्या फोल्डरमध्ये शिम (सिक्युअर बूटसाठीचा छोटा पहिला लोडर) आणि ग्रब (बूट मेनू दाखवणारा लोडर). फर्मवेअर शिमची सही तपासते, शिम ग्रबची तपासतो, ग्रब कर्नलची. बूट फोल्डरमधली फाइल ही शेवटचा आसरा: एनव्हीरॅममध्ये एकही कामाची नोंद सापडली नाही तर फर्मवेअर तिच्याकडे वळते. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम ४४६ बाइट जागा असायची आणि शेवटी जो बसवला त्याचा कोड आधीच्यावर लिहिला जायचा. ‘विंडोज टाकले की लिनक्स उडते’ ही म्हण तेव्हाची. यूईएफआयमध्ये लोडर उडत नाही, फक्त क्रम बदलतो. उबुंटूतल्या ईएफआयबूटएमजीआर या कमांडने क्रम पुन्हा लावला की काम झाले.

१ नोव्हेंबर, शनिवार

घड्याळ. उबुंटूत काम करून दुपारी १:१० ला विंडोजमध्ये गेलो तर कोपऱ्यात सकाळचे ७:४०. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचते. उलट गेलो की उबुंटू साडेपाच तास पुढे. इंटरनेट असेल तर थोड्या वेळात वेळ सुधारते, म्हणून घरी कोणाच्या लक्षातही येत नाही. परीक्षेच्या वेळी लॅबचे नेट तोडतात तेव्हा ती सुधारत नाही. मेक हे प्रोग्रॅम बांधणारे साधन ‘फाइल भविष्यातली आहे’ अशी कुरकुर करते, जमा केलेल्या फायलींवर भलत्याच वेळा पडतात.

उपाय दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या कोठारात) टाइमझोन इन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही किंमत १ करून तिला यूटीसी वाचायला लावायचे, किंवा टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगायचे. युरोप-अमेरिकेत पहिलाच उपाय योग्य, कारण तिथे उन्हाळी वेळ बदलते आणि दोन्ही सिस्टिमनी आपापला तास सरकवला की घड्याळ एकाऐवजी दोन तास सरकते. भारतात वेळ वर्षभर सरकत नाही. म्हणून दुसरा घेतला. टाइमडेटसीटीएल यावर लांबलचक इशारा देते, तो इथे लागू नाही. फायदा असा की फर्मवेअरच्या पडद्यावरही आपली नेहमीची वेळ दिसते आणि विंडोज कधी नव्याने टाकले तरी रजिस्ट्रीची आठवण ठेवावी लागत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

सामायिक पार्टिशन, आणि तिच्याआधी फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणूनची सोय). ड्युअल बूटमध्ये फायली गायब होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

ही सोय चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केले की ती पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवते आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल पद्धत) पार्टिशन्स अर्धवट उघड्याच सोडते. लिनक्सने अशा पार्टिशनमध्ये लिहिले आणि मग विंडोज उठली, की तिच्या स्मृतीतला जुना नकाशा आणि डिस्कवरची खरी स्थिती जुळत नाही. म्हणून एनटीएफएस-३जी ड्रायव्हर अशी पार्टिशन फक्त वाचण्यापुरती उघडतो, आणि कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर अस्वच्छ खूण दिसली की जबरदस्ती केल्याशिवाय उघडतच नाही. ती जबरदस्ती करायला सांगणारे सल्ले भरपूर मिळतात. करू नये. गंमत अशी की ‘रिस्टार्ट’ने गेले तर हा त्रास होत नाही, कारण रिस्टार्ट खरेखुरे बंद करतो. त्यामुळे ‘कधी चालते, कधी नाही’ अशा तक्रारी येतात.

पॉवरसीएफजी या कमांडने हायबरनेशनच (चालू अवस्था डिस्कवर साठवून थांबणे) बंद केले. त्याबरोबर फास्ट स्टार्टअप जाते आणि सुमारे ३ जीबी जागाही सुटते (ती अवस्था साठवणारी फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते). एसएसडीवर सुरू व्हायला पडणारा फरक नगण्य.

५६ जीबीसाठी एक्सफॅट की एनटीएफएस? एक्सफॅट दोन्हीकडे सहज चालते, पण तिला जर्नल (वीज गेल्यावर सावरायला उपयोगी पडणारी बदलांची नोंद) नाही. इथे यूपीएसच्या बॅटऱ्या मध्येच मान टाकतात, तेव्हा एनटीएफएस घेतली. तिची किंमत एवढीच की खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते. लिनक्समधले एनटीएफएसफिक्स थोडी डागडुजी करते आणि खूण पुसते, त्यावर विसंबू नये.

ही पार्टिशन उबुंटूला जोडताना (माउंट करताना) ‘विंडोज नेम्स’ हा पर्याय लावला. नाहीतर लिनक्समधून विद्यार्थी ‘प्रश्न १: उत्तर’ असे विसर्ग नव्हे तर कोलन असलेले नाव देतात आणि विंडोज ती फाइल उघडत नाही. ‘ऑक्स’, ‘कॉन’ अशी डॉसच्या काळापासून राखीव असलेली नावेही तशीच. एकाच फोल्डरमध्ये मोठ्या आणि छोट्या अक्षरांनी एकच नाव दिलेल्या दोन फायली लिनक्स खुशाल ठेवते, विंडोजमध्ये दोन दिसतात आणि उघडते एकच. हे टाळायला हवे, म्हणून फळ्यावर लिहून ठेवले आहे.

विंडोजमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत थांबली तर ओळीच्या शेवटचे कॅरेज रिटर्न चिन्ह कारणीभूत असते. ते काढणारे डॉस२युनिक्स नमुन्यात बसवून ठेवले.

मराठी दस्तऐवजांचा वेगळा प्रश्न. वर्डमध्ये निर्मला यूआय किंवा मंगलमध्ये केलेली फाइल उबुंटूत उघडली की ते फॉन्ट नसल्यामुळे दुसरा बसतो, ओळी सरकतात, दहा पानांचा अहवाल अकरा पानांचा होतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ आणि नोटो सान्स देवनागरी दोन्ही सिस्टिममध्ये टाकले, अहवालासाठी हेच वापरायचे. कीबोर्ड दोन्हीकडे इनस्क्रिप्ट. उबुंटूत तो आयबस या भाषा टाइप करण्याच्या साधनातून जोडला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बूट मेनू. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. मेनूत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब चालवावे.

मेनू १० सेकंद थांबतो, आणि मूळ निवड ‘सेव्ह्ड’, म्हणजे गेल्या वेळी जे घेतले तेच. याचे खरे कारण विंडोज अपडेट आहे. ते मध्ये दोन-तीनदा रिस्टार्ट घेते. मूळ निवड उबुंटू असेल तर अर्धे अपडेट टाकून संगणक उबुंटूत जाऊन बसतो आणि पुढचा विद्यार्थी विंडोज उघडतो तेव्हा वीस मिनिटे टक्केवारी बघत राहतो.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) असलेल्या लॅपटॉपांसाठी वेगळा नियम. टीपीएम बूटच्या साखळीचे माप घेते आणि विंडोज ग्रबमधून उठवली की ते माप बदलू शकते. मग ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागितली जाते. अशा यंत्रावर फर्मवेअरच्याच बूट मेनूतून निवड करावी. आणि सिक्युअर बूट किंवा क्रमाला हात लावण्याआधी किल्ली यंत्राबाहेर लिहून ठेवावी, संरक्षण तात्पुरते थांबवावे.

सिक्युअर बूट चालू ठेवण्याची किंमत अधूनमधून मोजावी लागते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने एसबॅट धोरण बदलले. एसबॅट म्हणजे शिम आणि ग्रब यांना दिलेला पिढीचा क्रमांक. ठरावीक पिढीखालचे लोडर त्याने एका फटक्यात नाकारता येतात. ते धोरण ड्युअल बूट यंत्रांना लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. ओळखण्यात गफलत झाली, आणि जुना शिम असलेली लिनक्स ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ म्हणत थांबली. कायमचा उपाय मे २०२५ च्या अपडेट्समध्ये आला. त्या अवस्थेतून बाहेर पडण्याची रीत लिहून ठेवतो: सिक्युअर बूट बंद, उबुंटूत जाऊन मोकुटिल या कमांडने एसबॅट धोरण डिलीट, पुन्हा एकदा उबुंटूतच बूट, शिम अद्ययावत, मग सिक्युअर बूट चालू. धडा सरळ: उबुंटू महिनोन्‌महिने न उघडता ठेवू नये, तिचा शिम शिळा होतो.

सहअस्तित्वाला अडसर नेहमी तांत्रिकच असतो असे नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस हिताचीने फ्लोरा प्रियस संगणकांवर विंडोजबरोबर बी कंपनीची बीओएस ही सिस्टिम बसवून दिली होती. यंत्र सुरू करताना ती निवडण्याचा मेनूच ग्राहकाला दिसत नव्हता. यामागे मायक्रोसॉफ्टच्या अटी आहेत असा आरोप करत बी कंपनीने मायक्रोसॉफ्टवर २००२ मध्ये दावा लावला, २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तो मिटला. तोवर बीओएस बाजारातून गेली होती. आज दहा सेकंदांच्या त्या मेनूला आपण फारशी किंमत देत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्लोनिंग. नमुन्यावरून उरलेले २३. आधी विंडोजमध्ये सिसप्रेप (नक्कल करण्याआधी संगणकाची खास ओळख पुसणारे साधन), जनरलाइझ या पर्यायासह. एखादे स्टोअरमधले अॅप फक्त एकाच वापरकर्त्यासाठी बसलेले असेल तर सिसप्रेप अडतो. पँथर फोल्डरमधल्या लॉगमध्ये त्या अॅपचे नाव असते, ते काढून पुन्हा चालवावे. सिसप्रेपनंतर विंडोज उघडू नये, थेट उबुंटूत जावे. उबुंटूत मशीन-आयडी रिकामी केली, एसएसएच (दुरून जोडणी करण्याची सोय) सर्व्हरच्या किल्ल्या पुसल्या. त्या तशाच राहिल्या तर चोवीसही संगणकांची ओळख एकच, आणि कोण कोणाशी बोलतो याचा पत्ता लागत नाही.

क्लोनझिला या नक्कल करणाऱ्या साधनाने मल्टिकास्टवर, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांकडे, डिस्कची प्रतिमा सोडली. मल्टिकास्टमध्ये सगळ्यांचा वेग सर्वांत मंद यंत्राएवढा होतो. एका केबलची जोडी सैल असल्याने ते पोर्ट १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरले होते आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे रांगत होते. स्विचवरचे दिवे आधी पाहावेत. ती केबल बदलल्यावर काम भराभर उरकले.

डिस्कची नक्कल होते, पण बूटच्या नोंदी डिस्कवर नसतात, मदरबोर्डवर असतात. क्लोनझिला त्या लिहायचा प्रयत्न करते. तीन संगणकांवर त्या टिकल्या नाहीत, थेट विंडोजच येत राहिली. सुरुवातीला सगळीकडे केलेले फर्मवेअरचे अपडेट या तिघांवर नजरचुकीने राहून गेले होते. ते बसवून ईएफआयबूटएमजीआरने शिमकडे बोट दाखवणारी नोंद नव्याने केली. दोन सुटले. तिसऱ्यावर फर्मवेअर ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाशिवाय दुसऱ्या नोंदीला भीक घालत नाही. तिथे बीसीडीएडिटने बूट मॅनेजरचा मार्गच शिमकडे वळवला. हा उपाय चालतो, पण विंडोजचे मोठे अपडेट तो परत फिरवू शकते, म्हणून त्या संगणकावर पिवळी चिठ्ठी लावली आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विंडोजची मासिक अपडेट्स आपल्याकडे बुधवारी येतात. काल आली. आज सगळ्या संगणकांवर तपासणी: बूट क्रम, हायबरनेशन बंद आहे का, सामायिक पार्टिशन उबुंटूत लिहिता येते का, घड्याळ. कुठेही बदल नाही, चिठ्ठीवाल्यावरही नाही. हे मासिक अपडेट होते. वार्षिक मोठ्या अपडेटनंतर क्रम आणि फास्ट स्टार्टअप हमखास पुन्हा पाहावे.

पुढचे काम जून २०२६ च्या आत. शिमवर सही करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या यूईएफआय प्रमाणपत्राची मुदत तेव्हा संपते. आज चालणारा शिम त्या दिवशी अचानक बंद पडणार नाही, कारण बूटच्या वेळी फर्मवेअर सहसा मुदत पाहत नाही. पण पुढचे शिम २०२३ च्या प्रमाणपत्राने सही केलेले येतील, आणि ते प्रमाणपत्र फर्मवेअरच्या यादीत नसेल तर त्यांना दार बंद. मोकुटिलने यादी काढली: २४ पैकी १७ वर २०२३ चे आहे, ७ वर नाही. त्या ७ साठी फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे का ते दर महिन्याच्या तपासणीत पाहायचे. तोवर त्यांच्यावर शिमचे अपडेट रोखून धरले आहे.